तयार म्युझिक सर्व्हर की रास्पबेरी पाय?

कोथरूडच्या मामांनी शास्त्रीय संगीताच्या ४०० सीडी फ्लॅक फाइलींमध्ये उतरवल्या आणि विचारलं, "आता वाजवू कशावर?" पर्याय दोन: तयार म्युझिक सर्व्हर, म्हणजे साठवलेली गाणी वाजवणारं आयतं यंत्र, किंवा रास्पबेरी पाय (थोडक्यात 'पाय'), म्हणजे आपण स्वतः जुळवायचा छोटा, स्वस्त संगणक.

आधी आवाज. सीडी म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, फ्लॅकमध्ये त्यातलं काहीच हरवत नाही. सेटिंग नीट असेल तर दोन्ही यंत्रं तेच आकडे डॅककडे (आकड्यांपासून आवाजाचा संकेत तयार करणाऱ्या उपकरणाकडे) पाठवतात. फरक पडतो तो स्पीकर आणि खोलीमुळे. 'उबदार नाद' वगैरे जाहिरातींत राहू द्या. विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर असतील तर मध्ये खंड पडत नाही ना, एवढं मात्र वाजवूनच बघा.

खर्चात पाय सरळ जिंकतो: काही हजारांत काम, त्यावर गाणी वाजवणारी मूड ऑडिओ ही प्रणाली फुकट. तयार सर्व्हर सहज लाखापर्यंत जातो.

खटाटोपात उलटं. गुरुवारी वीज गेली नि माझ्या पायचं मेमरी कार्ड बिघडलं. अख्खा रविवार त्यात गेला. (गाणी वेगळ्या डिस्कवर होती म्हणून वाचली. ४०० सीडींना ५०० जीबी पुरते. दुसरी प्रत हवीच.)

मामांना रिमोटपलीकडे काही नको, त्यांनी तयार सर्व्हर घ्यावा. घरात हौशी भाचा असेल तर पाय, आणि उरलेले पैसे स्पीकरला.