व्हेंटॉयला मी आधी नावं ठेवली होती

परळला आमच्या मंडळाची अभ्यासिका आहे. खाली व्यायामशाळा, वर पोटमाळ्यावर सात कॉम्प्युटर. एमपीएससी आणि बँकेच्या परीक्षांची मुलं तिथे रात्री साडेअकरापर्यंत बसतात. घरी दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं असली की अभ्यासाला दुसरी जागा कुठली? मी दिवसा फोर्टला हिशेबाचं काम करते, पण ऑफिस सुटल्यावर या मशिनी माझ्याकडे असतात.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद झाला. आमचे सहा डेस्कटॉप चौथ्या पिढीच्या आय३ वर चालतात, रॅम ४ जीबी. विंडोज ११ ला निदान आठव्या पिढीचा इंटेल आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे तो प्रश्नच मिटला. मंडळाच्या काकांनी विचारलं, "नवीन घ्यायला किती लागतील?" मी म्हटलं, "काका, काही घेऊ नका. विंडोजच्या जागी फुकटातली लिनक्स मिंट सिस्टीम टाकू." तिथून बूटेबल पेनड्राइव्हचं, म्हणजे ज्याच्यावरून मशीन सुरू करून नवी सिस्टीम टाकता येते अशा पेनड्राइव्हचं प्रकरण सुरू झालं, आणि महिनाभरात मी तो बनवायची जवळजवळ सगळी साधनं वापरून पाहिली. व्हेंटॉय त्यातलंच एक.

पहिलं रूफस. फक्त विंडोजवर चालतं, फाइल जेमतेम दीड-दोन एमबीची, इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही. आयएसओ, म्हणजे सिस्टीमची डाउनलोड केलेली अख्खी फाइल निवडा, पेनड्राइव्ह निवडा, स्टार्ट. पण मधल्या एका ओळीकडे लक्ष द्या: पार्टिशन स्कीम, म्हणजे पेनड्राइव्हचे भाग कसे पाडायचे ते. मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम जुना बायोस असेल तर एमबीआर, नवा यूईएफआय असेल तर जीपीटी. इथे चूक झाली की पेनड्राइव्ह व्यवस्थित बनतो आणि मशीन त्याला ओळखच दाखवत नाही. विंडोजचा पेनड्राइव्ह बनवायचा असेल तर रूफसला तोड नाही. पेनड्राइव्हच्या फॅट३२ या फॉरमॅटमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि विंडोजची इन्स्टॉल फाइल हल्ली त्याहून मोठी असते. रूफस ही अडचण स्वतःच सोडवतं, आपल्याला कळतही नाही.

घाई होती म्हणून संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या एका टपरीवरून ६४ जीबीचा लाल पेनड्राइव्ह घेतला, अडीचशे रुपयांना. रूफसने त्यावर मिंट लिहिलं, पहिली मशीन अर्ध्या तासात तयार. मग कुणीतरी म्हटलं की व्हेंटॉय वापरा, एकाच पेनड्राइव्हवर हव्या तेवढ्या आयएसओ ठेवता येतात. लावलं. हिरवी पट्टी शेवटाला आली आणि एरर, 'पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावा'. पुन्हा लावला. पोर्ट बदलला, मशीन बदलली. चार वेळा तेच. मी वैतागून मंडळाच्या ग्रुपवर टाकलं की व्हेंटॉय बेभरवशाचं आहे, त्याच्या नादी लागू नका.

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेतला एक मुलगा शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "ताई, पेनड्राइव्हच खोटा नाही ना?"

नुकतंच मिंट टाकलेल्या मशीनवर आम्ही एफ३ नावाचं छोटं साधन उतरवलं. त्यातली एफ३प्रोब ही कमांड पेनड्राइव्हवर ठिकठिकाणी लिहून पुन्हा वाचते. थोड्या वेळात ओळ आली: वाईट बातमी, हे डिव्हाइस बनावट आहे, प्रकार लिम्बो. खाली खरी जागा, आठ जीबीपेक्षाही कमी. पाठीवर ६४ छापलंय, विंडोज ६४ दाखवतंय, आणि आतली चिप ८ ची. पेनड्राइव्ह चालवणाऱ्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. जागा संपली की पुढचं सगळं 'लिहिलं' म्हणून सांगतो आणि टाकून देतो.

मग रूफस का चाललं? मिंटची आयएसओ तीन जीबीच्या आसपास, ती खऱ्या आठमध्ये बसली. व्हेंटॉय मात्र स्वतःचा ३२ एमबीचा छोटा भाग पेनड्राइव्हच्या अगदी टोकाला ठेवतं. आमच्या पेनड्राइव्हला ते टोकच नव्हतं. म्हणजे ज्याला मी बेभरवशाचं म्हटलं, त्यानेच पहिल्याच मिनिटाला चोरी पकडली होती. ग्रुपवर तसं लिहून मी शब्द मागे घेतले. टपरीवाला पुढच्या आठवड्यात तिथे नव्हता.

शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. बिल देणाऱ्या दुकानातून यूएसबी ३ चा ६४ जीबी घेतला आणि लॅपटॉप काउंटरवरच उघडून एफ३प्रोब चालवलं. दुकानदार काही बोलले नाहीत, उलट स्क्रीनकडे वाकून बघत राहिले. तुम्हीही असंच करा, फक्त ही कमांड कोऱ्या पेनड्राइव्हवरच चालवा. विंडोज असेल तर एच२टेस्टडब्ल्यू हे साधन तेच काम करतं, पण सगळा पेनड्राइव्ह भरून वाचत असल्याने वेळ खातं.

आता व्हेंटॉय नीट सांगते. पेनड्राइव्हवर एकदा बसवायचं, तेवढ्या वेळी त्यातला डेटा जातो. त्यानंतर आयएसओ 'जाळायची' गरज नाही, नुसती कॉपी-पेस्ट करायची, गाणी टाकतो तशी. मशीन चालू करताना डेलला एफ१२, एचपीला एफ९ दाबलं की यादी येते, त्यातून निवडायचं. एकच पेनड्राइव्ह जुन्या बायोसवरही चालतो आणि यूईएफआयवरही, एमबीआर-जीपीटीचा घोळ राहत नाही. नवी आवृत्ती आली की जुनी आयएसओ डिलीट, नवी कॉपी. उरलेले पाच डेस्कटॉप मी दोन संध्याकाळांत संपवले. एकावर मिंटची स्क्रीन काळीच राहत होती, तिथे व्हेंटॉयच्या दुसऱ्या मेनूतून ग्रब२ मोड निवडल्यावर चाललं.

सातवी मशीन म्हणजे कुणीतरी देणगी दिलेला नवा लॅपटॉप. अनोळखी प्रोग्रामला सुरू होऊ न देणारं सिक्युअर बूट चालू असल्यामुळे पहिल्यांदा निळी स्क्रीन आली आणि शेजारची मुलगी घाबरली, "ताई, गेला का?" गेला नव्हता. 'एनरोल की फ्रॉम डिस्क' निवडा, व्हीटॉयईएफआय नावाच्या भागात जाऊन किल्लीची फाइल निवडा, हो म्हणा, रीस्टार्ट. प्रत्येक मशीनवर हे एकदाच. ही पायरी माहीत नसल्यामुळेच बरेच लोक व्हेंटॉय सोडून देतात असं मला वाटतं.

एक हरकत मलाही पटते. व्हेंटॉयच्या सोर्समध्ये, म्हणजे मूळ कोडमध्ये, आधीच बांधून ठेवलेल्या, वाचून तपासता न येणाऱ्या बायनरी फाइल्स असल्याबद्दल जाणकारांनी प्रश्न विचारले आहेत. म्हणून ऑफिसच्या हिशेबाच्या मशीनसाठी मी आजही रूफसच वापरते. अभ्यासिकेसाठी व्हेंटॉय.

लिनक्सवरून थेट लिहायचं तर डीडी ही कमांड आहेच, कुठलंही वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. पण आधीचं पुसताना ती कधी विचारत नाही. आधी जोडलेल्या डिस्कची यादी देणारी एलएसबीएलके चालवा, आकार बघून पेनड्राइव्हचं नाव कागदावर लिहा, मगच कमांड. पेनड्राइव्हच्या एसडीबीच्या जागी हार्डडिस्कचं एसडीए पडलं तर आख्खी हार्डडिस्क जाते. ज्यांना ही धास्ती नको त्यांनी बलेना एचर घ्यावं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालतं, आणि लिहून झाल्यावर परत वाचून पडताळतं. विंडोजची आयएसओ मात्र त्याच्याकडून करून घेऊ नका, ते त्याचं काम नाही.

मॅकवर व्हेंटॉय बसवायची अधिकृत सोय नाही. बहिणीच्या मॅकबुकवर मी दुसरीकडे बनवलेला व्हेंटॉयचाच पेनड्राइव्ह लावला आणि त्यात नवी आयएसओ कॉपी केली. त्याचा फॉरमॅट एक्सफॅट असल्यामुळे मॅकला तो लिहिता येतो. मॅकओएसचा स्वतःचा इन्स्टॉलर हवा असेल तर ॲपलची क्रिएट-इन्स्टॉल-मीडिया कमांड टर्मिनलमधून चालवावी लागते.

अभ्यासिकेत आता सातही मशिनींवर मिंट २२ आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळत राहतील. पेनड्राइव्ह कपाटाच्या किल्ल्यांच्या खिळ्यालाच टांगलाय, चिठ्ठी बांधून: 'व्हेंटॉय. फॉरमॅट करू नका. आयएसओ नुसती कॉपी करा.' लाल पेनड्राइव्हही मी टाकलेला नाही. नवीन मुलांना एफ३प्रोब शिकवायला तोच काढते.