गणित मराठीतून की सेमीतून?

चौथीचा निकाल लागला की घरोघरी वाद सुरू होतो. पाचवीपासून सेमी (गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून) घ्यायचं, की गणित मराठीतच ठेवायचं? सेमीवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. अकरावी सायन्स इंग्रजीतूनच चालतं. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या एमएचटी-सीईटीत भौतिक-रसायन मराठीतून देता येतं, पण गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो.

तरी आधी पोराची अक्कल कुठे खर्ची पडते ते बघा. 'सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम ट्वेल्व्ह' म्हटलं की कानावर आधी ५ पडतो, लिहायचे मात्र आधी १२. मराठीत '१२ मधून ५ वजा करा' हे ऐकलं तसंच वहीत उतरतं. बीजगणितात हे जास्त बोचतं. 'सिक्स लेस दॅन अ नंबर' वाचून मूल ६ − क्ष लिहून मोकळं होतं. 'एका संख्येपेक्षा ६ ने कमी' असं वाचलं की क्ष − ६ आपसूक येतं. समद्विभुज हा शब्द फोडला की व्याख्याच हाती लागते, 'आयसोसेलिस' मात्र घोकावा लागतो.

संख्यावाचनात बाजी इंग्रजीची. एकोणपन्नास ऐकून ५९ लिहिणारं मूल कुठल्या वर्गात नसतं? बेचाळीसमध्ये बे आधी बोलायचा आणि ४ आधी लिहायचा; फॉर्टी-टू सरळ. म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' आलं आणि केवढा गदारोळ झाला! (मला ते पटलं होतं.) पण पाचवीपर्यंत हा अडथळा बहुतेकांनी पार केलेला असतो.

अमेरिकेत जमाल अबेदी आणि कॅरोल लॉर्ड यांनी आठवीच्या मुलांना तीच गणितं सोप्या इंग्रजीत घालून पाहिली: कर्मणी वाक्यं कर्तरी केली, जर-तरची लांबण तोडली. २००१ साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा की गुण थोडे वाढले, आणि इंग्रजी अजून शिकत असलेल्यांना फायदा जास्त झाला. गणितात काहीच बदललं नव्हतं.

म्हणून प्रवेशाआधी घरी एवढं करा. पाचवीच्या सेमीच्या पुस्तकातली पाच शाब्दिक उदाहरणं द्या. जी अडतील ती मराठीत वाचून दाखवा. ऐकताच सुटली, तर मूल गणितात कच्चं नाही, इंग्रजीत आहे; सेमी आठवीपर्यंत लांबवा. मराठीतही अडली, तर माध्यमाचा वाद बाजूला ठेवून आधी गणिताकडेच बघा. आणि इंग्रजीतच सुटली, तर खुशाल सेमी घ्या.