इन्व्हर्टरची जुनी बॅटरी: भंगारात की एक्सचेंजमध्ये?

भंगारवाला दारातून उचलतो, वजनावर रोख देतो. एक्सचेंजमध्ये रक्कम नव्या बॅटरीच्या बिलातून वजा होते. भाव विचारताना ॲम्पिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता, सांगा: १५० की २००.

खरा फरक ॲसिडचा. भंगारात ते गटारात ओतलं जाण्याची भीती, सोबत शिसंही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलीय. दुकानातून ती साखळी जुळते. नेताना टर्मिनलना चिकटपट्टी, बॅटरी उभीच. आडवी केली की व्हेंटमधून, म्हणजे वरच्या हवेच्या छिद्रांतून, ॲसिड गळून रिक्षाची सीट गेलीच म्हणा.

 

नवी घेताय? एक्सचेंज. नुसती काढायचीय? बॅटरीच्या दुकानातच विका. गळकी तर भंगारवाल्याला देऊच नका.