राउंडक्यूब की सोगो: वेबमेलचे लॉगिन कोणाच्या हाती द्यावे?

मेलची ने-आण करणारे पोस्टफिक्स आणि पासवर्ड तपासून पेटीतला मेल दाखवणारे डोव्हकॉट हे सर्व्हर प्रोग्राम चालू झाले आहेत, एन्क्रिप्शनचे प्रमाणपत्र बसले आहे आणि आता कार्यालयातील मंडळींना ब्राउझरमधून मेल उघडता यावा एवढेच काम उरले आहे, अशा टप्प्यावर असलेल्यांसाठी हा आढावा आहे. येथपर्यंत आल्यावर निवड बहुधा राउंडक्यूब आणि सोगो या दोन वेबमेल प्रोग्रामांपाशी येऊन थांबते. एका पतसंस्थेच्या सर्व्हरसाठी मी दोन्ही चालवून पाहिले आहेत आणि शेवटी राउंडक्यूब ठेवले आहे. माझी निवड प्रत्येक ठिकाणी लागू पडेल असे मी म्हणणार नाही, पण ती ज्या कारणाने झाली ते कारण सेटिंग्ज लिहायला बसण्याआधीच ठाऊक असलेले बरे.

राउंडक्यूब स्वतः कोणालाही ओळखत नाही. वापरकर्त्याने दिलेले नाव आणि पासवर्ड ते डोव्हकॉटपुढे ठेवते. आयमॅपने (डोव्हकॉटच्या मेल वाचू देणाऱ्या सेवेने) होकार दिला तर प्रवेश मिळतो, एरवी मिळत नाही. त्याच्या डेटाबेसमध्ये प्रत्येकाच्या आवडीच्या सेटिंग्ज, पत्त्यांची वही आणि चालू सत्रे असतात, पण पासवर्डांची यादी नसते. सोगोचा पिंड वेगळा आहे. ते मुळात ग्रुपवेअर, म्हणजे एकत्र काम करण्यासाठीची प्रणाली, असल्यामुळे कॅलेंडर आणि संपर्क यांसाठी त्याला वापरकर्ता स्वतंत्रपणे ओळखावा लागतो, आणि म्हणून त्याला एलडॅपचा (वापरकर्त्यांच्या निर्देशिकेचा) पत्ता किंवा एसक्यूएल डेटाबेसमधील एक व्ह्यू (मूळ तक्त्यावरून बनवलेला आभासी तक्ता) द्यावा लागतो. या व्ह्यूमध्ये नाव, पासवर्डचा हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड वाचता येत नाही असे त्याचे रूप), पूर्ण नाव आणि मेलचा पत्ता असे ठरावीक स्तंभ लागतात. सोगो आधी या व्ह्यूवरून पासवर्ड तपासते आणि मग तोच पासवर्ड घेऊन आयमॅपकडे जाते. थोडक्यात, एकाच वाड्याला दोन पहारेकरी आहेत आणि दोघांकडे आपापली यादी आहे.

माझे मत ठरले ते या दुसऱ्या यादीमुळे. मी डोव्हकॉटच्या पासवर्ड क्वेरीत (डेटाबेसला पासवर्ड विचारणाऱ्या आज्ञेत) 'खाते सक्रिय असेल तरच' अशी अट घातली होती. सोगोसाठीचा व्ह्यू मात्र प्रचलित नमुन्याप्रमाणे केलेला होता आणि त्यात ही अट नव्हती. चाचणीसाठी एक खाते निष्क्रिय केले आणि त्याच्या नावाने सोगोत लॉगिन केले, तेव्हा ते निमूटपणे उघडले. मेलच्या भागात आयमॅपची त्रुटी दिसत होती हे खरे, पण शेजारी सहकाऱ्यांचे सामायिक कॅलेंडर आणि सर्वांचे पत्ते जसेच्या तसे वाचता येत होते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाला पतसंस्थेच्या बैठका आणि सभासदांचे संपर्क दिसत राहणे ही क्षुल्लक बाब नाही. व्ह्यूमध्ये तीच अट लिहिली की हा प्रश्न सुटतो, हे मान्य आहे. तरीही प्रमाणीकरणाबद्दलचा प्रत्येक निर्णय यापुढे दोन ठिकाणी लिहावा लागणार, आणि त्यातले एक ठिकाण कधी ना कधी कोणाच्या तरी नजरेतून निसटणार, ही रुखरुख मला सोडेना.

त्याच खात्याने तीच चाचणी राउंडक्यूबमध्ये करून पाहिली. लॉगिन अर्थातच झाले नाही, पण खाते बंद होण्याआधी उघडलेल्या सत्रातही पुढचे पत्र उघडता आले नाही, कारण राउंडक्यूब प्रत्येक विनंतीला आयमॅपची जोडणी नव्याने करते. डोव्हकॉटची ऑथ कॅश (आधीच्या पडताळणीचे उत्तर काही काळ लक्षात ठेवण्याची सोय) चालू केलेली नसेल तर निर्णय त्या क्षणापासून लागू होतो. (फोनमधील मेल अॅपची आधीपासून चालू असलेली जोडणी मात्र डोव्हकॉटच्या डोव्हअॅडम या व्यवस्थापन साधनाच्या किक या आज्ञेने स्वतंत्रपणे तोडावी लागते; ते दोन्ही पर्यायांत सारखेच आहे.) हॅशचा प्रकार बदलतानाही हाच फरक जाणवतो. डोव्हकॉटमध्ये हॅशच्या आधी महिरपी कंसात प्रकाराचे नाव लिहिता येते, त्यामुळे जुने आणि नवे हॅश एकाच स्तंभात सुखाने नांदतात. राउंडक्यूबला या बदलाची खबरही लागत नाही, आणि पासवर्ड बदलण्याचे प्लगइन वापरत असाल तर तेवढे एकच तपासावे लागते. सोगो असेल तर नवा प्रकार त्यालाही समजतो ना, याची आधी खात्री करून घ्यावी लागते.

राउंडक्यूबची उणी बाजूही सांगितली पाहिजे. वेबमेलमधून येणारी प्रत्येक जोडणी डोव्हकॉटच्या लॉगमध्ये 127.0.0.1 या, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्याच, पत्त्यावरून आलेली दिसते. कोणी वेबमेलवर पासवर्डांचा मारा केला तर डोव्हकॉटच्या लॉगवर विसंबलेले फेलटूबॅन (वारंवार चुकीचे लॉगिन करणारे पत्ते अडवणारा प्रोग्राम) तेथे निरुपयोगी ठरते. सोगो स्वतःच्या लॉगमध्ये फसलेल्या लॉगिनचा खरा आयपी लिहिते, मात्र पुढचा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर तो पत्ता हेडरमधून पुढे देत असला पाहिजे. राउंडक्यूबही आपल्या लॉगमध्ये तो लिहिते. फेलटूबॅनला त्या लॉगची वेगळी वाट दाखवावी लागते, एवढेच. आणखी नीटनेटके हवे असेल तर खरा आयपी आयमॅपच्या आयडी आज्ञेतून डोव्हकॉटला कळवणारे प्लगइन बसवता येते. त्यासाठी डोव्हकॉटच्या 'लॉगिन ट्रस्टेड नेटवर्क्स' या सेटिंगमध्ये वेबमेलच्या सर्व्हरचा पत्ता घालावा लागतो. तेथे फक्त तो एकच पत्ता घालावा, संपूर्ण अंतर्गत नेटवर्क घालू नये, कारण या यादीतील पत्त्यांवरून डोव्हकॉट टीएलएस या एन्क्रिप्शनविना साधा पासवर्डही स्वीकारते.

दुहेरी पडताळणीत सोगो वरवर पाहता पुढे आहे. फोनमधील अॅपवर येणाऱ्या सहा अंकी कोडची सोय त्यात अंगभूत आहे, तर राउंडक्यूबला त्यासाठी बाहेरचे प्लगइन लागते. परंतु हा कोड फक्त वेबच्या दाराशी विचारला जातो. पोर्ट 993 वरचे आयमॅप, 587 वरचे मेल पाठवण्याचे एसएमटीपी आणि सोगोच्या बाबतीत फोनसाठीचे अॅक्टिव्हसिंक, यांपैकी कोठेही तो मागितला जात नाही. तेथे मूळ पासवर्ड पुरतो. म्हणून मी दुसरा मार्ग पत्करला. बाहेरून येणाऱ्या आयमॅप आणि एसएमटीपीला केवळ स्वतंत्र अॅप पासवर्ड चालतो आणि मूळ पासवर्ड फक्त वेबमेलमधून चालतो, अशी विभागणी डोव्हकॉटच्या क्वेरीतच केली. डोव्हकॉटच्या 2.3 आवृत्तीत यासाठी जोडणीचा मूळ पत्ता देणारे 'रिअल आरआयपी' हे चल वापरावे. वर सांगितलेले प्लगइन बसवल्यावर साधे 'आरआयपी' वापरकर्त्याचा पत्ता देऊ लागते आणि मग वेबमेल कोणते आणि बाहेरचे अॅप कोणते हे क्वेरीला ओळखता येत नाही. 2.4 मध्ये सेटिंग्जची आणि चलांची नावे बदलली आहेत, तेव्हा जुनी फाइल आहे तशी उचलू नये. ही सारी रचना एका फाइलमध्ये मावली, याचे श्रेय मी राउंडक्यूबच्या साधेपणाला देतो.

या साधेपणाची किंमत सतत अद्ययावत राहण्याने चुकवावी लागते. राउंडक्यूब जगभर वापरले जात असल्यामुळे हल्लेखोरांची नजर त्यावर कायम असते. जून 2025 मध्ये उघड झालेली सीव्हीई-2025-49113 ही त्रुटी इतकी गंभीर होती की लॉगिन केलेल्या कोणालाही सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवता आला असता, ती 1.6.11 आणि 1.5.10 या आवृत्त्यांत दुरुस्त झाली. अशी बातमी आली की त्याच दिवशी आवृत्ती बदलण्याची तयारी नसेल, तर राउंडक्यूब घेऊ नये. सोगोच्या बाजूने पाहता, त्याची स्थिर आवृत्तीची अधिकृत पॅकेजेस सशुल्क सेवेबरोबर मिळतात आणि इतरांना रोजच्या बांधणीवर (रोज आपोआप तयार होणाऱ्या आवृत्तीवर), लिनक्स वितरणाच्या पॅकेजवर किंवा स्वतः स्रोतापासून बांधण्यावर भागवावे लागते. लहान संस्थेला हेही थोडे जड जाते.

तुमच्याकडे सामायिक कॅलेंडर, बैठकांची निमंत्रणे आणि फोनशी संपर्कांचा मेळ ही रोजची गरज असेल, तर सोगोला पर्याय शोधत बसू नये. राउंडक्यूबला कॅलेंडरची प्लगइने जोडून तेवढी सफाई मला मिळाली नाही. मात्र तसे केल्यास सोगोचा व्ह्यू थेट खात्यांच्या तक्त्यावरून न करता, डोव्हकॉट ज्या अटींवर प्रवेश देते त्या सगळ्या अटी असलेला एक मूळ व्ह्यू आधी करावा आणि डोव्हकॉटची क्वेरी व सोगोचा व्ह्यू हे दोन्ही त्यावरूनच चालवावेत. मग एक खाते बंद करून कॅलेंडर उघडते का ते स्वतः पाहावे, आणि नंतरच सर्वांना पत्ता कळवावा.