वाचन संच, पावसाळा काढल्यानंतर: कार्डं टिकली, घड्याळ बसलं

दुसरीच्या वर्गासाठी जूनमध्ये हा संच घेतला. आत काय येतं ते बहुतेकांना माहीत आहे: शब्दपट्ट्या, उताऱ्यांची कार्डं, संवादांची कार्डं आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. किंमत 1,850. अनुदानाची वाट बघण्यापेक्षा पदरचे घातले, ते अजून परत आलेले नाहीत. तेव्हा लिहिण्यात तिखट जरा जास्त पडलं तर समजून घ्या.

आधी घड्याळ. कोकणातली हवा झाकणातून आत शिरली आणि ऐन श्रावणात वाळूचे गोळे झाले. मध्येच थबकायचं, टिचकी मारली की पुन्हा चालू. पोरांना हे माझ्याआधी कळलं होतं, पण सांगतंय कोण? अडकलेली वाळू म्हणजे फुकटचा वेळ. एकीचे मिनिटाला ऐंशी शब्द भरले तेव्हा मोबाईल लावून पाहिलं: 52. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत दुसरीला मिनिटाला 45 ते 60 आणि तिसरीला किमान 60 शब्द, तेही समजून, असं लक्ष्य आहे. म्हणजे पोर व्यवस्थित वाचत होती. खोटं बोलत होतं ते घड्याळ.

कंपनीने व्हिडिओ मागवला, पाठवला. उत्तर आलं, ‘व्हिडिओ हँग झालाय, परत पाठवा.’ अहो, वाळू हलत नाही हीच तर तक्रार आहे! मग म्हणे घड्याळ वॉरंटीत बसत नाही. बारा-पंधरा रुपयांच्या प्लास्टिकसाठी इतकी घासाघीस मी तरी पाहिली नव्हती.

पुस्तिकेत रोज घड्याळ लावून वाचा असं आहे. ते तसंही सोडून द्या. रोज घड्याळ दिसलं की मुलं पूर्णविराम गिळतात आणि उतारा संपल्यावर विचारलं तर कोण कुठे गेलं ते सांगता येत नाही. महिन्यातून एकदा मोबाईलवर मोजलं तरी पुरे.

संवादाची कार्डं मी सुरुवातीला कपाटातच टाकली होती, नाटकं करायला वेळ कुठे म्हणून. आता निम्मे पैसे त्यांचेच वसूल झाले असं म्हणेन. कोळीण आणि गिऱ्हाइकाचं एक कार्ड आहे. आधी मी वाचते, मागून सगळे, मग जोड्या. प्रत्येकाला कोळीणच व्हायचं असतं, त्यामुळे तेच कार्ड कितीही वेळा वाचायला कुणी कंटाळत नाही. उतारा दुसऱ्यांदा वाच म्हटलं तर हीच मंडळी तोंड वाकडं करतात. बोट ठेवून ‘दे... णा... र’ करणारा एक मुलगा, चार-पाच फेऱ्यांनंतर कमरेवर हात ठेवून ‘एवढ्याला नाही देणार, जा!’ असं एका दमात म्हणाला. ओळखीचं झालेलं वाक्य अक्षर-अक्षर जुळवावं लागत नाही, मग लक्ष आवाजाकडे जातं.

छपाईत मात्र ढिलाई आहे. ‘पुऱ्या’ची ‘पुर्या’ झालीय आणि मुलं छापलंय तसंच वाचतात. स्केचपेनने दुरुस्त केलं. लॅमिनेशन मजबूत आहे, पाणी सांडलं तरी काही झालं नाही.

पूर्ण संच घेऊ नका. संवादाची कार्डं सुटी देतात का विचारा. उताऱ्यांसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी पातळीनुसार फुकट मिळतात, पीडीएफ उतरवून झेरॉक्स काढायचा खर्च तेवढा. मला तर आता कंपनीकडून ‘आमच्या सेवेला रेटिंग द्या’ असा मेसेज आलाय. दिलं, एक तारा. शून्य देता येत नाही.