सोलापुरात सात रस्त्याजवळचं छोटं गॅरेज, ऑइल चेंजसाठी एक नंबर

स्प्लेंडर आहे माझी, तिचं ऑइल आता इथंच बदलतो. मेकॅनिक गाडी आधी थोडी चालू ठेवून इंजिन कोमट करतो मग ऑइल काढायचा खालचा नट खोलतो, त्यामुळं तळाचा काळा गाळ सगळा खाली येतो. या गाडीला कागदी फिल्टर नसतो, जाळी असते आणि फिरणारा फिल्टर असतो, तो साफ करायला उजव्या बाजूचं कव्हर काढावं लागतं, बरेच जण ते करतच नाहीत हो! इथं मागितलं की करून देतात, आतला चिकट मळ बोटावर घेऊन दाखवतात, आणि कव्हरखाली नवीन गॅस्केट (ऑइल गळू नये म्हणूनची पट्टी) टाकतात. डबा आपल्यासमोर फोडतात, १०डब्ल्यू-३० (ऑइलच्या घट्टपणाचा ग्रेड), जासो एमए (ऑइलमध्ये बुडलेला क्लच असलेल्या बाइकच्या ऑइलचं मानक) लिहिलेलाच, कारण कारचं ऑइल टाकलं तर क्लच स्लिप व्हायची भीती असते. सोलापूरचं ऊन, धूळ आणि होटगी रोडचं ट्रॅफिक बघता कंपनीनं सांगितलेले किलोमीटर पूर्ण व्हायच्या आधीच ऑइल बदललेलं बरं असं माझं स्पष्ट मत. फक्त रविवारी गर्दी लई, सकाळी लवकर जावा. वापरलेलं ऑइल गटारीत न ओतता कॅनमध्ये साठवतात, हे मला फार आवडलं.