छोट्या प्लॉटवर घर: न्यू जर्सीतल्या आमच्या व्हेरियन्सच्या वकीलबाई

न्यू जर्सीत कुणी अरुंद प्लॉट घ्यायच्या विचारात असेल तर त्यांच्यासाठी लिहितोय, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा मराठीत काहीच सापडलं नाही. मिडलसेक्स काउंटीतला आमचा प्लॉट ५० बाय १००, म्हणजे ५००० स्क्वेअर फूट, आणि त्या झोनला किमान ७५०० लागतात. बाकी सगळे सेटबॅक (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) पाळले तरी टाउनच्या बोर्डाकडून व्हेरियन्स, म्हणजे नियमातून सूट, मिळाल्याशिवाय पायासुद्धा खणता येत नाही. आमच्या वकीलबाई फक्त लँड यूजचंच (जमिनीच्या वापराच्या नियमांचं) काम करतात, नाव इथे टाकत नाही. ५ पैकी ४ स्टार.

सगळ्यात भारी काम त्यांनी प्लॉट खरेदीचं काँट्रॅक्ट साइन व्हायच्या आधी केलं. आमच्या आणि शेजारच्या प्लॉटचे जुने डीड (खरेदीखतं) काढून दोन्ही कधी एकाच मालकाच्या नावावर होते का ते तपासलं, कारण तसं असेल तर १९६७ च्या लॉकनर विरुद्ध कॅम्पोली केसपासून असे लागून असलेले छोटे प्लॉट मर्ज झालेले धरले जाऊ शकतात, मग टॅक्स मॅपवर वेगळा लॉट नंबर दिसला तरी आधी सबडिव्हिजन (प्लॉट परत वेगळे करायची मंजुरी) मागावं लागतं. आमचं टायटल क्लीन निघालं. तरी व्हेरियन्स नाही मिळालं तर डिपॉझिट परत, ही अट त्यांनी काँट्रॅक्टमध्ये घालूनच घेतली.

मग दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांना पत्रं: तुमच्या जागेतली पट्टी आम्हाला विका, नाहीतर आमचा प्लॉट बाजारभावाने तुम्ही घ्या. आम्हाला हे विचित्र वाटलं, पण सूट न देता दुसरा काही मार्ग आहे का, हे बोर्ड विचारतंच. एका शेजाऱ्याने अगदीच पडेल भाव सांगितला, तेव्हा बाईंनी अप्रेझल (किमतीचा अहवाल) पाठवून कळवलं की भाव धरताना व्हेरियन्स मिळालंय असं समजूनच धरायचा असतो. विषय तिथेच संपला.

नोटीस पण त्यांच्याच ऑफिसने पाठवल्या. २०० फुटांतल्या सगळ्या मालकांना हिअरिंगच्या किमान १० दिवस आधी, शिवाय पेपरात जाहिरात. यात चूक झाली तर बोर्ड केस ऐकूच शकत नाही, त्यामुळे त्यांच्या असिस्टंटने टाउनची यादी एकेक नाव लावून तपासली.

हिअरिंगच्या आधी बाईंनी बजावलं होतं, आईबाबा येणारेत, मोठं घर हवंय वगैरे काही बोलायचं नाही, बोर्ड जमिनीची अडचण बघतं, तुमची नाही. आमच्या बाजूच्या प्लॅनरने (नगररचना तज्ज्ञाने) आजूबाजूचा रंगवलेला नकाशा लावला, ५० फुटी प्लॉटवरची घरं पिवळी, आणि आमच्या गल्लीत पिवळाच रंग जास्त होता, ते बघून बोर्डाच्या प्रश्नांचा सूरच बदलला. मग मागच्या घरातले एक आजोबा उठले, म्हणाले आत्ताच पावसात बेसमेंटमध्ये पाणी येतं, तुमच्या छपराचं पाणी कुठे जाणार? मला वाटलं बाई त्यांना गप्प करतील. उलट त्यांनी इंजिनियरला परत उभं केलं, ग्रेडिंगचा कागद आजोबांच्या समोर धरून उतार बोटाने दाखवायला लावला, आणि ड्राय वेलची (छपराचं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्याची) अट स्वतःहून मान्य केली. ती अट आता रिझोल्यूशनमध्ये (बोर्डाच्या लेखी निकालात) आहे आणि आजोबांची काळजी खरीच होती, त्यामुळे मला ते फार आवडलं. आमचं 'सी' व्हेरियन्स, म्हणजे प्लॉटच्या मापांसारख्या गोष्टींतली सूट, त्याला साधं बहुमत पुरतं ('डी', म्हणजे जागेचा वापरच बदलण्यासारखी मोठी सूट, त्याला ५ मतं लागतात), मंजूर झालं.

एक स्टार कापला तो पैशांच्या बाबतीत. बाईंची फी आधी कळली होती, पण प्लॅनर वेगळा, आणि बोर्डाचे इंजिनियर-वकील आपले कागद तपासतात त्याचे पैसे पण आपल्याच एस्क्रोतून (टाउनकडे आधी भरून ठेवलेल्या रकमेतून) जातात, हे टाउनचं पत्र आल्यावर कळलं. एवढ्या अनुभवी ऑफिसने हे पहिल्याच मीटिंगमध्ये सांगायला हवं होतं. तुम्ही जाल तेव्हा तिन्ही खर्च वेगळे लिहून मागा, आणि निकालाची नोटीस छापून आल्यापासून ४५ दिवस शेजारी कोर्टात जाऊ शकतात, तोवर काँट्रॅक्टरला ॲडव्हान्स देऊ नका, हे मात्र बाईंनी आम्हाला वेळेवर सांगितलं होतं.